लाल पिंपापर्यंत

पहिल्या चाचणीला थोरल्यांची होडी धक्क्यावरून निघाली ती इतक्या झोकात, की कट्ट्यावर बसलेल्या चार रिकामटेकड्यांनीही माना वर केल्या. सकाळचे सात. पाण्यावर धुकं, मोटरीचा आवाज स्वच्छ, मागे पांढऱ्या फेसाची रेघ. तलावाच्या मध्यावर साखळीने बांधलेलं एक लाल पिंप तरंगत असतं. त्याला वळसा घालून बारा मिनिटांत परत यायचं, एवढीच अट. पिंप नजरेच्या टप्प्यात आलं, धाकट्यांनी हँडलची मूठ आणखी थोडी पिळली आणि मोटरीने सुस्कारा सोडला.

सुस्काराच. लोक नंतर म्हणाले, इंजिन आहे, घरघरलं असेल. पण धाकट्यांनी तो आपल्या कानांनी ऐकला होता. 'कशाला एवढी घाई' म्हणताना घरातलं वडीलधारं माणूस जसा सोडतं, तसा. लगेच वेग उतरला, होडीचं वर उठलेलं नाक खाली बसलं आणि ती फिरायला निघाल्यासारखी रमतगमत चालू लागली. धाकट्यांनी मूठ पिळून पिळून मनगट दुखवून घेतलं. मूठ सैल केली की मोटर खुशीत. पिळली की पुन्हा तोच सुस्कारा.

धक्क्यावर तलाव कचेरीच्या नोंदणीबाई गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून म्हणाल्या, एकोणीस मिनिटं. आणि वहीत तसं लिहून टाकलं.

आता हे थोरले कोण, धाकटे कोण, ते सांगायला हवं. दोघे सख्खे भाऊ. धाकट्यांचं वय एकसष्ट, वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेली. दुकानदारांचे काटे त्यांच्या चाहुलीने आपोआप सरळ होत, असं ते स्वतःच सांगत. तरी वस्तीत त्यांना धाकटेच म्हणत, कारण थोरले होते. थोरले घड्याळजी. आयुष्यात कधी घाई केली नाही. रविवारी वहिनींना होडीत बसवायचे, तलावात एक फेरी मारायची आणि परत यायचे, बैलगाडीने जावं तशा चालीने. धाकट्यांनी कधी हँडल धरलंच, तर थोरले वरून आपला हात ठेवत आणि म्हणत, हळू. सायकल शिकवतानाही हेच, नोकरीला लागतानाही हेच. साठी उलटली तरी माणसाला कोणीतरी हळू म्हणत राहणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

थोरले गेले तेही होडीतच. एका रविवारी वहिनींना जरा कणकण होती म्हणून एकटेच निघाले. दुपारी होडी धक्क्याला लागलेली दिसली. मोटर हळू चालू होती, नाक बरोबर आपल्या खुंटाला टेकलेलं, आणि थोरले हँडलवर हात ठेवून बसलेले. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, यांना जाऊन दोन तास तरी झाले असतील. लाल पिंपापासून धक्क्यापर्यंतची वाट काही सरळ नाही, दोन वळणं घ्यावी लागतात. मग होडी आणली कोणी, हा प्रश्न तेव्हा कुणी मोठ्याने विचारला नाही.

त्या दिवसापासून वहिनी दर रविवारी शेडमध्ये जाऊन होडीत बसून येत. चालवायची नाही, नुसतं बसायचं. दुकान बंद झालं, हत्यारं पेटीत गेली, राहिली ती होडी. धाकट्यांनी शब्द दिला होता, वहिनी, होडीची काळजी सोडा, ती मी सांभाळतो. आणि हा शब्द तलाव कचेरीत जाऊन अडकला. मालक वारला की होडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. नावावर व्हायची तर वेगचाचणी हवी, कारण कोणी बुडायला लागलं तर तलावातल्या प्रत्येक होडीने धावून जायचं असतं. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झाली की नंबर रद्द आणि होडी कचेरीच्या आवारात नेऊन फोडायची. नोंदणीबाईंनी हे सगळं फॉर्म भरायला सांगावा तितक्याच सहजतेने सांगितलं.

झालं, वस्तीला विषय मिळाला. शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल राहत. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणत, आणि त्यांना तो मानच वाटे. पाण्यात त्यांनी पाय घातला होता तो फक्त बादलीतल्या. त्यांचं म्हणणं पडलं, पेट्रोलच्या डब्याच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिला की डब्यात हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, आणि मोटर हळू असताना भागतं पण वेगात उपाशी मरते. धाकट्यांनी स्क्रू बघितला. उघडा होता. सर्वज्ञांना याचं फार वाईट वाटलं. मग त्यांनी पंख्यावर संशय घेतला, मग पेट्रोलवर, मग धाकट्यांच्या वजनावर. शेवटच्या मुद्द्याला धाकट्यांच्या बायकोने दारामागून दुजोरा दिला आणि पुढे अशीही माहिती दिली, की यांना पोहता येत नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या माणसाने हे चहाबरोबर गिळलं.

शेवटी धक्क्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री माणसांशी फारसं बोलत नसत, इंजिनांशी बोलत. त्यांनी मोटर होडीवरून उतरवून शेडमधल्या हौदात लावली आणि सुरू केली. हौदात ती काय गरजली म्हणता, पत्रे थरथरले. मिस्त्री म्हणाले, हौदात पंख्याला ओझं नाही, म्हणून पळते. ओझं पडलं की कळेल. मग त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून फुंकला, गाळणी धुतली, पंख्याच्या आतलं रबर तपासलं. डब्यापासून मोटरीपर्यंतची नळी जुनी होती, तीही नवी टाकली. आठ दिवस हे चाललं.

आणि त्या आठ दिवसांत शेडमध्ये काहीतरी वेगळंच सुरू झालं.

शेडच्या भिंतीवर थोरल्यांची तीन घड्याळं होती. गिऱ्हाइकं न्यायला न आलेली. थोरले गेल्यापासून ती बंद होती. एका दुपारी धाकटे शेडमध्ये शिरले, बाहेर चिटपाखरू नाही, ऊन नुसतं चटके देत होतं, आणि आत तिन्ही घड्याळं टिकटिकत होती. एका सुरात. धाकट्यांनी खिशातलं घड्याळ काढून पडताळून पाहिलं, सवयच ती. सेकंदाचाही फरक नव्हता. मग नाकात वास भरला. घड्याळाच्या तेलाचा, गोडसर. थोरल्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. खिळ्याला टांगलेलं त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग खिळ्यावर नव्हतं. होडीच्या मागच्या फळीवर होतं, हँडलच्या शेजारी. भिंग परत खिळ्याला अडकवण्याइतकंही धैर्य धाकट्यांच्यात उरलं नाही. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं आणि घरी येऊन भर दुपारी पांघरूण घेऊन पडले. बायकोला सांगितलं, जरा कसकस आहे.

कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, दुसरी वहिनींकडे. पण हे तेव्हा सुचायला डोकं ठिकाणावर असायला हवं होतं.

दुसऱ्या चाचणीला धुकं जास्त होतं. पिंप दिसेना, नुसता साखळीचा आवाज येत होता, कोणी लांबून किल्ल्यांचा जुडगा हलवावा तसा. धाकट्यांनी दात आवळले आणि मूठ पिळली. सुस्कारा आला, पहिल्यापेक्षाही लवकर. आणि या वेळी त्यांना स्पष्ट जाणवलं, की मुठीवरच्या आपल्या हातावर आणखी एक हात आहे. जड नाही, नुसता ठेवलेला. त्यांनी मान वळवून बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. कोणीतरी हळू म्हणालं, आणि तो आवाज आपलाच होता हे त्यांना थोड्या वेळाने कळलं.

बावीस मिनिटं.

मिस्त्रींनी हात टेकले. ते म्हणाले, मोटरीत दोष नाही, आणि होडीच्या मागच्या बैठकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, थोरल्यांनी हिला कधी पळू दिलं नाही, आता हिला सवय लागली आहे. सर्वज्ञांनी मात्र सगळ्यांना सांगून टाकलं की आपण त्या स्क्रूबद्दल आधीच बोललो होतो.

तिसऱ्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. पत्र थोरल्यांच्याच नावाने होतं, कारण होडी अजून त्यांच्याच नावावर. आपली होडी दोन चाचण्यांत अपात्र ठरली असून तिसऱ्या चाचणीतही तसंच झाल्यास ती फोडण्यात येईल, याची आपण नोंद घ्यावी. मेलेल्या माणसाने नोंद कशी घ्यायची, हे कलमात नव्हतं. वहिनींनी पत्र वाचलं, चारदा घडी घातली आणि आत नेलं. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की धाकट्यांना भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. शब्द दिला होता, आणि आपण एका सुस्काऱ्याला घाबरून पांघरुणात शिरलो होतो.

त्याच दुपारी ते जिवाचा धडा करून शेडकडे निघाले. कुलूप उघडं होतं. आतून टिकटिक येत होती, आणि तेलाचा वास. धाकट्यांनी दार लोटलं.

होडीत कोणीतरी वाकून बसलं होतं. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मग ते डोकं वर झालं, आणि भिंगाआडून वहिनींचा मोठाच्या मोठा डोळा त्यांच्याकडे बघायला लागला.

"भावोजी, दार लावून घ्या," वहिनी म्हणाल्या. "मी चोरी केली आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तीस वर्षं थोरल्यांच्या दुकानात शेजारी बसून वहिनी अर्धं काम शिकल्या होत्या. घड्याळांना चावी देणं, तेल घालणं त्यांच्याच हातचं. थोरल्यांचं भिंग पुन्हा हातात घेतलं तेव्हापासून शेडमध्ये आल्या की हात आपोआप भिंतीकडे जात. लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसल्या तेव्हा वेगाने इतक्या घाबरल्या की रडूच फुटलं. मग थोरल्यांनी पितळेच्या दोन चकत्या कातल्या, मसुराएवढ्या, मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक. पेट्रोलच्या नळीत अशी चकती बसवली की मोटर हळू चालताना काही कळत नाही, पण वेग मागितला की तिला पेट्रोल पुरत नाही. दोन कशाला, तर घड्याळजी बारीक भाग नेहमी जोडीने करतो. एक बसवायला आणि एक हरवायला. वहिनींची भीती मोडली तशी थोरल्यांनी चकती काढून टाकली असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. जोडीतली दुसरी हत्यारांच्या पेटीत होती. पहिल्या चाचणीत मोटर आपली आपणच अडली. पण मिस्त्रींनी सगळं धुऊनपुसून नवं केलं तेव्हा वहिनींनी ती चकती काढली आणि नव्या नळीत डब्याच्या तोंडाशी बसवून टाकली.

धाकट्यांनी विचारलं, पण का?

"नाव बदललं की त्यांच्या नावावर रेघ मारतात," वहिनी म्हणाल्या. "मी वहीत बघितलं आहे, लाल रेघ. होडी नावावर आहे तोवर कचेरीतून त्यांना पत्रं तरी येतात. दुसरं कोण पाठवतं त्यांना पत्र?"

धाकटे होडीच्या काठावर बसले. वहिनींनी चिमट्याने नळीच्या तोंडातून चकती काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, नाव गेलं तर जाऊ दे, होडी फोडलेली बघवणार नाही मला.

तिसऱ्या चाचणीला वहिनी स्वतः येऊन पुढच्या फळीवर बसल्या. नोंदणीबाई म्हणाल्या, वजन वाढेल. वहिनी म्हणाल्या, वाढू दे. धाकट्यांच्या बायकोने दोघांनाही तरंगणारे पट्टे बांधले, आणि नवऱ्याचा पट्टा जरा जास्तच आवळून. धुकं त्या दिवशी इतकं दाट होतं की धक्का सोडल्याबरोबर मागचं सगळं पुसलं गेलं.

साखळीचा आवाज जवळ आला. धाकट्यांनी मूठ पिळली आणि सुस्काऱ्याची वाट बघत राहिले.

सुस्कारा आला नाही. हातावर हात होता. आज त्यांनी तो झटकला नाही, वळूनही पाहिलं नाही. पण तो हात मागे ओढत नव्हता. मूठ पुढे फिरवत होता. मोटरीचा सूर चढला, होडीचं नाक उठलं, पाणी दोन्ही बाजूंनी भिंतीसारखं उभं राहिलं. पिंप शेजारून लाल फटकाऱ्यासारखं गेलं. वहिनींनी दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या, पदर वाऱ्यावर फडफडत होता, आणि त्या हसत होत्या. धाकट्यांनी इतक्या वर्षांत वहिनींना असं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. वळणं दोन्ही बरोबर घेतली गेली. धुक्यात धाकट्यांना ती दिसली नव्हती, हे त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

इथे दुसरा कोणी असता तर सही करून घरी गेला असता. पण वजनमापे खातं रक्तात भिनलेलं. धाकट्यांनी नोंदणीबाईंकडून स्टॉपवॉच मागून घेतलं आणि आपल्या घड्याळाशी पंधरा मिनिटं ताडून पाहिलं. बाई वैतागल्या. स्टॉपवॉच अचूक होतं. मग बाईंनी वही उघडली आणि वहिनींनी नजर दुसरीकडे वळवली. बाईंनी लाल रेघ मारली खरी, पण लगेच शेजारच्या पानावर थोरल्यांचं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. म्हणाल्या, पूर्वीचे मालक हा रकाना आहे, तो कायम राहतो. वर्षाच्या नोटिशीची एक प्रत त्यांच्याही नावाने जाते. नियमच आहे तसा. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि बाईंचे हात धरले. बाई अवघडल्या, कारण हे कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात मिस्त्री मोटर साफ करायला आले. आता नावावर झालीच आहे तर सगळी उघडतो, म्हणाले. नळी मोटरीत शिरते तिथे आत एक पितळी जोड होता, वर्षानुवर्षांत इतका घट्ट बसलेला की आधी त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी तो तापवून फिरवला, फोडल्यासारखा आवाज झाला, आणि फळीवर काहीतरी टुणकन पडलं.

पितळेची चकती. मसुराएवढी, मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक.

धाकट्यांनी खिशातली वहिनींनी दिलेली चकती काढून शेजारी ठेवली. जोडीच होती. मग खिळ्यावरचं भिंग घेऊन डोळ्याला लावलं. घड्याळजी काम केलं की आतल्या बाजूला बारीक तारीख कोरतो, तशी या आत्ता पडलेल्या चकतीवर कोरलेली होती. बत्तीस वर्षांपूर्वीची, थोरल्यांच्याच अक्षरात. म्हणजे त्यांनी ती कधी काढलीच नव्हती. पहिल्या चाचणीत मोटर अडली ती हिच्यामुळे. दुसऱ्या वेळी दोन होत्या, म्हणून आणखी मंद. आणि तिसऱ्या वेळी वहिनींनी आपली काढली होती. ही तिथेच होती.

"ही असताना मोटर पळेल का?" धाकट्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी चकती उजेडात धरली, भोकातून बघितलं आणि म्हणाले, "नाही."

"पण पळाली."

मिस्त्रींनी हात पुसले. "मी नव्हतो होडीत," ते म्हणाले आणि हत्यारं गोळा करायला लागले.

छत्तीस वर्षांत काट्यावर उत्तर मिळालं नाही असं धाकट्यांकडे काही आलं नव्हतं. मग त्यांनी मिस्त्रींना चकती होती तिथे परत बसवायला सांगितली. मिस्त्रींनी का म्हणून विचारलं नाही.

रविवारी त्यांनी वहिनींना होडीत बसवलं. ऊन लखलखीत होतं, धुक्याचा मागमूस नव्हता, लाल पिंप लांबूनच दिसत होतं. पिंपाच्या अलीकडे धाकट्यांनी मुद्दामच मूठ जरा जास्त पिळली. मोटरीने सुस्कारा सोडला. होडीचं नाक खाली बसलं.

धाकट्यांनी मूठ सैल केली. त्यांना राग आला नाही. उलट बरं वाटलं.

पुढे बसलेल्या वहिनींनी मागे न बघताच विचारलं, "काय म्हणाले?"

"हळू म्हणाले," धाकटे म्हणाले.

वहिनींनी मान हलवली, पदर सावरला आणि हात पाण्यात सोडला. होडी बैलगाडीच्या चालीने पिंपाला वळसा घालायला लागली.